डावीकडे पाणी, की उजवीकडे?

सरळ रस्त्याचा एक मोठा गुण म्हणजे त्याला दोन टोकं असतात. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला सायकलवर जायचं म्हटलं की निघायचं नाशिकहून आणि पोचायचं त्र्यंबकला. वाटेत मिसळ कुठे खायची एवढाच काय तो वादाचा मुद्दा, आणि तोही आमच्याकडे दोन्ही ठिकाणी मिसळ खाऊन सामोपचाराने मिटवतात. गोल रस्त्याला ही सोय नाही. तो कुठूनही सुरू होतो, कुठेही संपतो, दोन्ही दिशांनी सारखाच भरतो आणि शेवटी माणसाला जिथून निघाला तिथेच आणून सोडतो. म्हणजे सगळे निर्णय आपले आपल्यालाच घ्यावे लागतात आणि त्यातल्या एकालाही धड कारण नसतं. धड कारण नसलेल्या निर्णयावर चार शहाणी माणसं किती बोलू शकतात हे ज्याला बघायचं असेल, त्याने भंडारदऱ्याच्या पाण्याला सायकलने वळसा घालण्याचा बेत आखणाऱ्या आमच्या ग्रुपात यावं. जागा आहे. जे कंटाळून बाहेर पडले, त्यांची.

भंडारदरा न पाहिलेला माणूस नाशिक-पुणे-मुंबईत आता शोधूनच काढावा लागेल, पण असलाच तर त्याच्यासाठी थोडा भूगोल. रतनगडाच्या अंगावर प्रवरा नदी उगम पावते आणि नीट वाहायला शिकते न शिकते तोच शेंडी गावापाशी तिला भिंत आडवी येते. ही भिंत इंग्रजांनी १९१० साली बांधायला घेतली आणि १९२६ साली पुरी केली. उंची ऐंशी मीटरच्या वर. मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरांवरून धरणाचं नाव विल्सन डॅम पडलं, मागच्या पाण्याला आर्थर लेक म्हणू लागले, आणि गावकरी मात्र भिंत, पाणी सगळ्याला मिळून 'धरण' म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. एका भिंतीला १६ वर्षं लागली हे वाचून पूर्वी मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. आमच्या मंडळींना विचारून बांधलं असतं, तर भिंत उत्तरेकडून उचलायची की दक्षिणेकडून यावर अजून चर्चा चालली असती आणि प्रवरा खालून निवांत वाहत असती.

या पाण्याभोवती डोंगरांनी अशी काही गर्दी केली आहे की महाराष्ट्राने आपली उंच माणसं एकाच फोटोसाठी बोलावली असावीत. एकीकडे १६४६ मीटरची कळसूबाई, समोर नेढं मिरवणारा रतनगड, मागे अलंग, मदन आणि कुलंग हे तिघे. या सगळ्यांच्या पायाशी, शेंडीहून निघून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, मुरशेत करत पुन्हा शेंडीला येणारा रस्ता आहे. लांबी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. यातलं चाळीस हे आमंत्रण देणारा सांगतो आणि पंचेचाळीस जाऊन आलेला सांगतो.

हा फरक का पडतो, तर नकाशावर दुरून बघताना पाणी गोल वाटतं. जवळून बघितलं तर ते बोटं फाकलेल्या पंजासारखं आहे, आणि रस्ता एकही बोट चुकवत नाही. समोरचं घर दिसतं, त्या घरातलं कुत्रं आपल्याकडे बघून भुंकतं, तेही ऐकू येतं, आणि रस्ता मात्र आपल्याला ओहोळाच्या पोटात नेतो, तिथला पूल दाखवतो आणि मग उलट्या अंगाने वर आणून त्या कुत्र्यासमोर उभं करतो. तोवर ते भुंकून थकलेलं असतं. ही एक सोयच म्हणायची.

आता माणसांकडे येऊ. ग्रुपात एक हाडांचे डॉक्टर आहेत. नाशिकच्या महाजन बंधूंनी, म्हणजे दोघा डॉक्टर भावांनी, २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही ४८०० किलोमीटरच्या आसपासची शर्यत जोडीने पुरी केली, तेव्हापासून नाशिकमधल्या प्रत्येक डॉक्टरला आपल्यातही काहीतरी दडलं आहे असं वाटत आलं आहे. आमच्या डॉक्टरांच्यात काय दडलं आहे ते अजून बाहेर आलेलं नाही, पण त्यासाठी लागणारं सगळं सामान आलं आहे. दुसरे, गणिताचे निवृत्त सर. तिसरे, बँकेतून मॅनेजर म्हणून सुटलेले काका, ज्यांना कुठल्याही प्रस्तावात जोखीम दिसते आणि ती दिसली की आनंद होतो. चौथा, आयटीतला एक मुलगा. वय चाळीस, पण ग्रुपात त्याला मुलगाच म्हणतात, कारण बाकीच्यांची वयं. त्याची सायकल कार्बनची आहे आणि काकांच्या पहिल्या घरापेक्षा महाग आहे. हे काकांनीच हिशेब करून सांगितलं, आणि मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पाचव्या ताई. त्या रोज कचेरीत सायकलने जातात, पुढे टोपली, मागे कॅरिअर, हँडलला घंटी. ग्रुपात खरोखर रोज सायकल चालवणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे त्यांच्या मताला कुणी फारसं महत्त्व देत नाही.

पहिला प्रश्न, निघायचं कुठून? नाशिकहून भंडारदरा घोटीमार्गे सत्तरेक किलोमीटर. घरून सायकलवरच निघायचं की सायकली गाड्यांवर लादून शेंडीला न्यायच्या आणि तिथून वळसा सुरू करायचा? डॉक्टर म्हणाले, घरूनच. "सायकलला गाडीत बसवून फिरायला नेणं हा सायकलचा अपमान आहे." भावना थोर होती. मग सरांनी फळ्यावर लिहावं तसं लिहिलं: जायचे सत्तर, वळशाचे पंचेचाळीस, यायचे सत्तर, एकूण एकशे पंच्याऐंशी. त्यानंतर डॉक्टरांना एका शस्त्रक्रियेची आठवण झाली. थोड्या वेळाने त्यांचाच निरोप आला, की टपावर तीन सायकली बसतील असा रॅक एका मित्राकडे आहे.

काकांनी आगगाडी सुचवली: नाशिकरोडहून इगतपुरी, पुढे सायकल. आगगाडीत सायकल न्यायची तर ती पार्सल म्हणून बुक करावी लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पार्सल आपल्याच गाडीतून येईल का, हा पुढचा प्रश्न होता. आपण भंडारदऱ्याला आणि सायकल मनमाडला, असं चित्र मुलाने ग्रुपवर टाकलं आणि तो विषय संपला.

सामानाविषयी मी आटोपतं घेतो, कारण तो विषय आटोपत नाही. डॉक्टरांची कॅसेट अकरा-चौतीस आहे हे त्यांनी सांगितलं तेव्हा काकांनी "कुणाची गाणी?" असं विचारलं, आणि दोघांचे संबंध अजून पूर्ववत झालेले नाहीत. टायर किती रुंद असावेत यावर आमच्यात दोन तट आहेत. पंचवीस मिलिमीटरवाले म्हणतात वेग मिळतो, चाळीस मिलिमीटरवाले म्हणतात पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर वेग नको, दात हवेत. पंक्चरचा मुद्दा त्याहून नाजूक. मुलाच्या चाकाला प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे, बारीक, लांब आणि मानी. गावाकडच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो दाद देत नाही. त्यासाठी एक पितळी ॲडॅप्टर लागतो, जो शेंगदाण्याएवढा असतो आणि हरवण्याच्या बाबतीत शेंगदाण्याच्या फार पुढे असतो. मुलाने तो मागवला, आलेला हरवला, पुन्हा मागवला, आणि आता तो त्याच्या घरच्या देव्हाऱ्यात ठेवलेला आहे. ताईंच्या सायकलचं पंक्चर कळसूबाईच्या शिखरावर सोडून महाराष्ट्रात कुठेही निघतं.

खाण्याचं बघा. डॉक्टर परदेशी एनर्जी जेलची पाकिटं आणणार आहेत. चिकट, लिंबाच्या वासाची, आत मुख्यतः साखर. ज्या पाण्याला वळसा घालत आपण ही साखर चोखणार, तेच पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खाली जाऊन ऊस पिकवतं. त्याच उसावर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि महाराष्ट्राचं अर्धं राजकारण गोड झालं. साखरेच्या उगमाशी जाऊन बाहेरची साखर खाण्याला काका 'आयात' म्हणाले. ताईंनी शेंगदाणा-गुळाचे लाडू करते असं लिहिलं. हा ग्रुपातला आजवरचा एकमेव ठराव, जो चर्चेविना मंजूर झाला.

आणि मग दिशा.

शेंडीला पोचलो, सायकलवर बसलो. आता मुतखेलच्या अंगाने रतनवाडीकडे वळायचं की मुरशेतच्या अंगाने घाटघरकडे? ऐकणाऱ्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आम्हालाही सुरुवातीला वाटला होता. पण काकांनी सहज म्हणून लिहिलं, "प्रदक्षिणा म्हटली की उजवीच. देव उजव्या हाताला." वडाला, मारुतीला, तुळशीला, सगळीकडे हेच. नर्मदेची परिक्रमा करणारेही मैया उजवीकडे ठेवूनच चालतात. तेव्हा पाणी उजवीकडे, म्हणजे आधी रतनवाडी. झालं.

झालं नाही. मुलाने लगेच दाखवून दिलं की आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. पाणी उजवीकडे ठेवलं तर आपण डोंगराच्या कडेने जाणार, आणि पाणी बघायला मध्ये अख्खा रस्ता, त्यातून समोरून येणाऱ्या गाड्या. फोटोसाठी दर वेळी रस्ता ओलांडायचा. त्याने पुरावाही आणला. जपानमध्ये बिवा नावाचं मोठं सरोवर आहे. त्याभोवती सुमारे दोनशे किलोमीटरची सायकलफेरी लोक हौसेने करतात, तिला 'बिवाइची' म्हणतात. जपानीही आपल्यासारखेच डावीकडून चालणारे. तिथे फेरी घड्याळाच्या उलट दिशेने मारा असाच सल्ला देतात, म्हणजे पाणी सतत डाव्या हाताला, आपल्या लगत. म्हणजे आधी घाटघर.

एकीकडे धर्म, दुसरीकडे जपान. मराठी मध्यमवर्गाला यातून निवड करायला सांगणं हा छळ आहे. दोन्हींबद्दल आपल्याला आदर आणि दोन्हींची नीट माहिती नाही.

काकांनी जोखीम काढलीच. "डावीकडे पाणी म्हणजे तोल गेला तर थेट पाण्यात." डॉक्टरांनी उत्तर दिलं, "उजवीकडे पाणी म्हणजे तोल गेला तर थेट गाडीखाली. पाण्यातून तुम्हाला काढता तरी येईल." काकांनी विचारलं, "तुम्हाला पोहता येतं?" यावर डॉक्टर ऑफलाइन गेले.

मग सर पुढे आले. सर वादात उशिरा येतात, आणि त्यांच्या म्हणण्याच्या शेवटी 'हे सिद्ध करायचं होतं' असं लिहिलेलं नसलं तरी ऐकू येतं. ते म्हणाले, गोल फेरीत माणूस निघतो त्याच उंचीवर परत येतो, म्हणून एकूण चढ बरोबर एकूण उतार. दिशा उलटी केली की चढाचा उतार आणि उताराचा चढ होतो. पण दोन्ही मुळात समान! सबब कुठल्याही दिशेने गेलात तरी चढ तेवढाच. वाद निरर्थक आहे.

मी इतका निर्विवाद युक्तिवाद आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकला असेन. त्याचा काहीही परिणाम झाला नाही. मुलाने दोन ॲपवर तोच रस्ता मोजला. एकाचा चढ दुसऱ्याच्या दीडपट निघाला, आणि उलट दिशेने मोजल्यावर तिसराच आकडा आला. डॉक्टर म्हणाले, "सर, तुमचं गणित बरोबर असेल, पण घाटघरच्या बाजूने निघालं की मला चढ जास्त लागतो." सर म्हणाले, "तो रस्त्याचा गुण नाही, तुमच्या गुडघ्याचा आहे." हाडांच्या डॉक्टरला असं म्हणणं योग्य नव्हतं. ताईंनी मध्येच लिहिलं की बेरीज सारखी असली तरी एकीकडून चढ आखूड आणि खडा असतो, दुसरीकडून लांब आणि सौम्य, आणि पायाला बेरीज कळत नाही, खडा चढ कळतो. संपूर्ण चर्चेतलं हे एकमेव उपयोगी वाक्य. त्याखाली कुणीतरी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि गाडी पुढे गेली.

पुढे म्हणजे शास्त्राकडे गेली. काका एव्हाना पंचेचाळीस किलोमीटरच्या आकड्याने धास्तावले होते आणि अंतर कमी करण्याचा एखादा सन्माननीय मार्ग शोधत होते. तो त्यांना रतनवाडीत सापडला. रतनवाडीला अमृतेश्वराचं प्राचीन देऊळ आहे, कोरीव दगडाचं, बाजूला पुष्करणी. जाणाऱ्याने सायकल टेकवून तासभर तरी बघावं असं. काकांचा मुद्दा असा, की इथला देव शंकर, आणि शंकराला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं आणि आल्या वाटेने फिरायचं. तेव्हा आपणही अर्धी फेरी मारावी, घाटघरपर्यंत जावं आणि परत यावं. धर्मही राहील आणि दुपारच्या जेवणाला हॉटेलवर पोचू.

ग्रुपवर दोन मिनिटं शांतता होती. आळसाला इतकं पवित्र वस्त्र याआधी कुणी नेसवलं नव्हतं. मग सर टाइप करत असल्याचं दिसू लागलं, आणि मला काकांची दया आली. सरांनी विचारलं, "या जलाशयाची पन्हळ कुठली?" काका म्हणाले, "अर्थात धरण. पाणी तिथूनच बाहेर पडतं." "बरोबर. मग पन्हळीच्या एका काठापासून निघायचं, सगळा वळसा घालून दुसऱ्या काठापर्यंत यायचं, आणि ती न ओलांडता आल्या वाटेने पूर्ण परत. म्हणजे नव्वद." काकांनी त्याच रात्री आपण मूळचे विष्णुभक्त असल्याचं जाहीर केलं.

या वादात मला एकच गोष्ट खटकत होती. इतका खटाटोप करून जिथून निघालो तिथेच परत यायचं, त्यात मिळवलं काय? काकांनी तसं विचारलंही, त्यांच्या भाषेत, "या व्यवहारात नफा कुठे दिसत नाही." याचं उत्तर खुद्द घाटघरलाच आहे. तिथे कोकणकड्याच्या माथ्यावर एक छोटा जलाशय आहे आणि खाली, ठाणे जिल्ह्यात, दुसरा. संध्याकाळी लोकांना वीज जास्त लागते तेव्हा वरचं पाणी खाली सोडतात, त्यावर वीज तयार होते. रात्री मागणी पडली की तेच पाणी पंपांनी पुन्हा कड्यावर चढवतात. २५० मेगावॉटचा प्रकल्प, २००८ पासून हेच करतो आहे. पाणी रोज खाली जातं, रोज वर येतं, मूळच्या जागी येऊन बसतं, आणि वर चढवायला लागणारी वीज ही मिळालेल्या विजेपेक्षा जास्तच असते. दमून भागून होतो तिथेच परत यायचं आणि वर शक्तीचा तोटा सोसायचा, हे काम सरकार करतं तेव्हा त्याला उदंचन म्हणतात. आम्ही केलं की घरचे वेगळं काहीतरी म्हणतात.

काकांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच गंभीर झाले. रात्रीची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग. युनिट कमी झाले तरी भाव चढा मिळतो. "म्हणजे मार्जिनवर चाललंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. तेव्हापासून ते घाटघरला जायला अधीर झाले आहेत. कोकणकड्यावरून दिसणाऱ्या दरीत त्यांना रस नाही, त्यांना पंप बघायचे आहेत.

राहिला मुहूर्त. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला इथली झाडं काजव्यांनी लखलखतात, आणि ते काजवे बघायला मोटारी येतात, हेडलाइट लावून. तेव्हा सायकल नको. जून ते सप्टेंबर पाऊस. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, नाशिकच्या साताठ पट. म्हणून त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. आणि जिल्हा कुठला, तर ज्याच्या पूर्वेकडच्या गावांत लोक टँकरची वाट बघतात. त्या पावसात पश्चिमेचा वारा कड्यावरून असा वर येतो की साम्रद-घाटघरच्या उघड्यावर सायकल चालवण्यापेक्षा धरून ठेवणं हाच व्यायाम होतो. ऑक्टोबरात सगळं हिरवं, रानफुलं, स्वच्छ हवा, पण सरांच्या मुलीचं बाळंतपण. डिसेंबरात थंडी आणि डॉक्टरांची परिषद. फेब्रुवारीनंतर पाणी उतरत जातं, काठ उघडे पडतात. पाणीच लांब गेलं तर आपण वळसा कशाला घालतो आहोत, हा काकांचा सवाल. कुणाचं ना कुणाचं काहीतरी निघत निघत शेवटी सगळ्यांना सोयीचा उरला तो पंधरा ऑगस्टचा जोडून सुट्टीचा आठवडा. धरण साधारण पंधरा ऑगस्टपर्यंत भरतं, हा तर या भागातला ठरलेला बोलच आहे. भरलेलं धरण, सांडव्याचं पाणी, डोंगरभर धबधबे. सगळ्यांनी अंगठे टाकले.

अर्थात हे गणित आमच्याच आधी निम्म्या मुंबईने मांडलेलं असतं. त्या सुट्ट्यांत शेंडीत गाड्यांची इतकी दाटी होते की पोलीस गर्दीच्या दिवशी वाहतूक एकेरी करतात. ही बातमी ताईंनी आणली. एका बाजूने आत जायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं. उलट यायचं नाही.

कित्येक आठवड्यांचा वाद एका फलकाने मिटला असं मला क्षणभर वाटलं. देव उजवीकडे की डावीकडे, जपान की नर्मदा, खडा चढ की लांब चढ, सगळ्याचा निकाल एक हवालदार शिट्टीवर लावणार होता. पण काकांनी १९८८ चा मोटार वाहन कायदा उघडला. त्या कायद्यात सायकल हे मोटार वाहनच नाही! मग मोटारींची एकेरी आम्हाला कशी लागू? सर म्हणाले, फलकावर 'वाहतूक' लिहिलेलं असतं, आणि आपण वाहतूकच आहोत. मुलगा म्हणाला, समोरून सहाशे मोटारी येत असताना तुम्ही मोटार वाहन नाही, हे त्यांना कायद्याचं पुस्तक दाखवून सांगणार का? डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये रिकाम्या खाटा ठेवायला सांगतो.

दरम्यान कुणीतरी जेवणाची व्यवस्था करायला हवी होती, म्हणून मी रतनवाडीत घरगुती जेवण देणाऱ्या एका मामांना फोन लावला. मामांच्या घरी रेंज नाही; ते एका ठरावीक दगडावर येऊन उलट फोन करतात.

"सायकलवर?" त्यांनी विचारलं. "गाडी बिघाडली काय?"

नाही, म्हटलं, मुद्दाम.

"मुद्दाम," ते स्वतःशी म्हणाले. मग धंद्याकडे वळले. "मानसं किती?"

आठ ते बारा, मी सांगितलं, कारण तो मुद्दा ग्रुपात प्रलंबित होता.

"असं बगा साहेब, आठांच्या भाकरी न् बारांच्या भाकरी येगळ्या. बरं, कोन्या अंगानं येनार?"

मी त्यांना सगळं सांगितलं. अगदी थोडक्यात, पण प्रदक्षिणा, पन्हळ, जपान, कायदा, काहीच गाळलं नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. दगडावर बसून दुसरं करण्यासारखं काही नसावं.

"मुतखेलाकडून आलात तर लवकर याल, भुका नसतील. घाटघराकडून फिरून आलात तर बारा-एक वाजतील, तव्हा भुका असतील. जेवायचंच हाये तर घाटघराकडून या. मी चूल मागून पेटवतो."

हे मी जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. धर्म, भूमिती आणि दंडसंहिता यांपैकी कुणालाही जे जमलं नव्हतं ते गरम भाकरीने केलं. डॉक्टरांनी लगेच होकार दिला, त्यांच्या गुडघ्याची आता तक्रार नव्हती. सरांनी 'मान्य' असं एका शब्दात लिहिलं. मुलाने जपानचा झेंडा टाकला. काकांनी विचारलं, एकेरी वाहतूक उलट बाजूची निघाली तर? त्यावर ताईंनी सुचवलं, की शुक्रवारीच जाऊन राहावं आणि शनिवारी पहाटे, पोलीस आणि मुंबई उठायच्या आत, घाटघर गाठावं. यालाही सगळे तयार झाले, आणि बेत पक्का झाला म्हणून मी मामांना निरोप द्यायला फोन उचलला.

तेवढ्यात काकांचा मेसेज आला: मामांना विचारून घ्या, पिठलं पातळ असतं की घट्ट. मतदान सुरू आहे. सध्या घट्टवाले पुढे आहेत, पण डॉक्टर अजून ऑनलाइन आलेले नाहीत.